गेजचा झिरो टिकत नाही? स्क्रू फिरवण्याआधी हे बघा

गेज म्हणजे जॉब (मशीनवर बनवलेला भाग) मोजायचं साधन: डायल, बोअर गेज, मायक्रोमीटर, व्हर्नियर, सगळंच. आधी लक्षणं. यातलं एखादं तुमच्या शॉपमध्ये आठवड्यातून एकदा तरी दिसत असणार.

- सकाळी मास्टरवर (माप पक्कं माहीत असलेल्या नमुन्यावर) झिरो लावला, दुपारी त्याच मास्टरवर सुई चार-पाच मायक्रॉन (मिमीचा हजारावा भाग) बाजूला.
- एकच जॉब तीनदा मोजला, तीन मापं आली.
- ऑपरेटरच्या हातात ओके, क्वालिटीच्या टेबलावर रिजेक्ट. (उलटंही होतं, पण तेव्हा कुणी तक्रार करत नाही.)
- डायलचा प्लंजर (मोजताना आत दबणारा सळीसारखा भाग) दाबून सोडला की सुई झिरोच्या अलीकडे थबकते, काचेवर टिचकी मारली की पुढे सरकते.
- डिजिटल व्हर्नियरचे आकडे कुणी हात न लावता नाचतात.
- मायक्रोमीटर झिरोला अगदी बरोबर, पण १८ मिमीच्या पिनवर चुकतो.

नाशिकच्या सातपूर आणि अंबड मिळून माझी बावीस वर्षं स्टँडर्ड रूममध्ये (गेज तपासायच्या खोलीत) गेली. टेबलावर येणाऱ्या गेजला बांधलेल्या चिठ्ठीवर बहुतेक वेळा चारच शब्द असतात: ‘गेज खराब, रीडिंग बदलतंय’. त्यातली बरीचशी गेजं मी काहीही दुरुस्त न करता परत पाठवलीत. शेवटचं लक्षण सोडलं, तर वरच्या यादीतलं बाकी सगळं आधी गेजच्या बाहेर शोधायचं. आमचे लोक नेमकं उलटं करतात. रीडिंग हललं की पहिला हात बेझलकडे (डायलची फिरणारी कडा) किंवा चावीकडे जातो. झिरो फिरवून टाकला की चूक दिसेनाशी होते, पण असते तिथेच. वर पुढच्या शिफ्टवाल्याला ती कुठून आली हेही कळत नाही.

पहिली गोष्ट: मास्टरवर पाच वेळा

याला पैसा लागत नाही, दोन मिनिटं लागतात. मास्टर घ्या: सेटिंग रिंग, सेटिंग रॉड किंवा स्लिप गेज (अचूक मापाचा ठोकळा), जे असेल ते. झिरो अजिबात न हलवता पाच वेळा मोजा आणि पाचही आकडे कागदावर लिहा. मनात धरू नका. मनात धरलं की तिसऱ्या वेळेपासून डोळा आपल्याला हवं तेच वाचतो.

पाचही आकडे एकसारखे आणि झिरोवरच, म्हणजे गेज ठीक. बदल होतोय तो जॉबमध्ये, तापमानात किंवा हातात. आकडे एकसारखे पण सगळेच एका बाजूला सरकलेले, म्हणजे झिरो खरंच हलला आहे. का हलला ते शोधायचं. आणि मास्टरवरही आकडे विखुरलेले असतील तरच गेजकडे संशयानं बघायचं. ऑपरेटर आणि क्वालिटीतलं निम्मं भांडण या कागदावर मिटतं.

एक मेख आहे. मशीनशेजारी कुलंटच्या (कटिंग गार ठेवणाऱ्या द्रवाच्या) ट्रेमध्ये पडलेली रिंग मास्टर म्हणून वापरत असाल तर ही परीक्षाच फुकट. शंका आली की स्टँडर्ड रूममधली दुसरी रिंग मागवा.

पुसा, पण कॉटन वेस्टनं नाही

माणसाचा केस साधारण ६०-७० मायक्रॉन जाड असतो. कॉटन वेस्टचा तंतू त्याहून बारीक, म्हणून दिसत नाही. पण तुमची टॉलरन्स (मापात चालणारी तफावत) २० मायक्रॉनची असेल तर तो एकटाच ती खाऊन टाकतो. जुनं, अनेकदा धुतलेलं बनियनचं कापड किंवा तंतू न सोडणारे वाइप्स वापरा. कुलंट वाळून चिकट थर बसला असेल तर कापडाला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा. कापडाला लावायचं, गेजवर ओतायचं नाही.

मायक्रोमीटरसाठी जुनी युक्ती आहे, अजून तिला तोड नाही. अॅन्व्हिल आणि स्पिंडलमध्ये (मोजायच्या स्थिर आणि सरकत्या टोकांमध्ये) कोरा स्वच्छ कागद धरा, रॅचेटनं (टोकाची टिकटिक करणारी घुंडी) हलकं आवळा आणि कागद हळूच ओढून काढा. दोन्ही फेसवरचं जे काही असेल ते कागदावर काळ्या रेघेत उतरतं. मग पुन्हा झिरो बघा. ‘दोन मायक्रॉनची चूक’ म्हणून आलेले कितीतरी मायक्रोमीटर मी एवढ्यावरच परत दिलेत.

दोन गोष्टी मात्र करू नका. एअर गननं डायल झाडू नका. बारीक चूर बाहेर उडण्याऐवजी प्लंजरच्या बुशमध्ये आणि आत गिअरपर्यंत जाते. आणि डायलच्या प्लंजरला तेल घालू नका. गंज सोडवायचा स्प्रे तर मुळीच नाही. तेल घातलं की त्या दिवशी प्लंजर लोण्यासारखा चालतो, आठवडाभरात धूळ धरून त्याचं डिंकासारखं होतं. कोरडा आणि स्वच्छ प्लंजर हाच खरा. (गावातला बाकी सगळा लोखंडी माल तेलावर चालतो, त्यामुळे नव्या पोराला हे पटवायला वेळ लागतो.)

बॅटरी

डिजिटल गेज असेल तर बाकी काही बघण्याआधी बॅटरी बदला. बहुतेक व्हर्नियर आणि मायक्रोमीटरमध्ये एसआर४४ लागते. दुकानदार तशाच आकाराची एलआर४४ देतो, कारण ती स्वस्त असते. ती बसते आणि चालतेही, पण अल्कलाइन सेलचा व्होल्टेज हळूहळू उतरत जातो आणि त्या उतारावर आकडे नाचायला लागतात. एसआर म्हणजे सिल्व्हर ऑक्साइड. तिचा व्होल्टेज साधारण १.५५ वर जवळजवळ शेवटपर्यंत टिकतो आणि मग एकदम पडतो. बॅटरी बदलून फरक पडला नाही, तर पट्टीवर कुलंटचा ओला थर आहे का ते बघून पुसा. तरीही आकडे नाचत असतील तर आतला प्रश्न आहे. तो आपला नाही.

डायलची मान किती आवळली आहे?

सुई अडकते म्हणून आलेल्या डायलमध्ये मला सगळ्यात जास्त वेळा सापडलेलं कारण हे. डायलची दांडी ८ मिमीची, आणि तिच्या आत प्लंजर सरकतो. बोअर गेजमध्ये (भोकाचा व्यास मोजायच्या गेजमध्ये) किंवा स्टँडवर डायल बसवताना ती दांडी क्लँप होते. स्क्रू जीव खाऊन आवळला की दांडी किंचित चेपते, आतला प्लंजर घासायला लागतो आणि सुई थबकते. डोळ्याला काहीच दिसत नाही.

परीक्षा सोपी आहे. स्क्रू अर्धा फेरा सैल करा आणि प्लंजर दोन बोटांनी हळू वर उचलून सोडा. सुई मोकळी झाली? मग गेज बरं झालं. आता स्क्रू फक्त डायल हलणार नाही इतकाच आवळा. स्क्रूचं टोक थेट दांडीवर टेकत असेल तर तो क्लँप बदला. दांडीभोवती गोल बसून आवळला जाणारा क्लँप हवा.

त्याच बैठकीत आणखी दोन गोष्टी बघा. एक, प्लंजरच्या टोकाचा काँटॅक्ट पॉइंट सैल आहे का. तो एम२.५ आट्यावर असतो, बोटानं फिरवून कळतं, आणि तो सैल असेल तर झिरो टिकणारच नाही. दुसरं, त्याच पॉइंटचा गोळा भिंगाखाली बघा. वर्षभर एकाच जागी घासून त्यावर छोटी सपाट टिकली पडलेली असेल तर पॉइंट बदला. मॅग्नेटिक स्टँड असेल तर त्याचा हात जितका लांब काढाल तितकं रीडिंग डगमगेल. शक्य तितका आखूड ठेवा.

तापमान: इथं थांबा आणि नीट वाचा

मोजमापाचं संदर्भ तापमान २० अंश सेल्सिअस, हे १९३१ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरलं आणि आयएसओच्या पहिल्याच मानकात तेच आहे. ड्रॉइंगवरचं माप हे २० अंशांवरचं माप असतं. नाशकात थंडीत निफाडचा पारा पेपरात पहिल्या पानावर येतो आणि मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली चाळिशी गाठते. म्हणजे आपल्या शॉपला २० अंश भेटतात ते येता-जाता.

हिशेब एकदा करून ठेवा. पोलाद दर मीटरला दर अंशाला साधारण ११.५ मायक्रॉन वाढतं, अॅल्युमिनियम साधारण २३. म्हणजे १०० मिमीचा पोलादी जॉब १० अंशांनी तापला की साडेअकरा मायक्रॉन मोठा. अॅल्युमिनियमचा असेल तर त्याच्या दुप्पट.

अंबडच्या एका कारखान्यात मी असतानाची गोष्ट. मे महिना, दुसरी शिफ्ट. अॅल्युमिनियमचं हाउसिंग, बोअर ५२ एच७, म्हणजे टॉलरन्स शून्य ते अधिक ३० मायक्रॉन. सगळे जॉब वरच्या मर्यादेबाहेर दिसायला लागले. सुपरवायझरनं बोअर गेज बदललं, दुसऱ्यावरही तेच. मग त्यानं मशीनला ऑफसेट (मापाची दुरुस्ती) दिला आणि बोअर २० मायक्रॉन लहान केले. रीडिंग झकास आलं, शिफ्ट निघाली. सकाळी मी जॉब हातात घेतले तेव्हा ते गार झाले होते आणि एकजात खालच्या मर्यादेखाली.

“दादा, रात्री तर सगळे ओके होते,” ऑपरेटर म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता.

सेटिंग रिंग पोलादी, एसीच्या केबिनमध्ये २२ अंशांवर. जॉब मशीनवरून नुकता निघालेला, ३८ अंशांवर. ५२ मिमी अॅल्युमिनियम २० वरून ३८ वर गेलं की साडेएकवीस मायक्रॉन मोठं होतं. रिंग जेमतेम एक मायक्रॉन वाढलेली. फरक वीस. गेजनं अगदी खरं सांगितलं होतं, पण ते गरम जॉबचं माप होतं. नशिबानं बोअर लहान झाले होते, म्हणून पुन्हा मारता आले. शाफ्ट असता तर हाच ऑफसेट सगळा माल भंगारात घालून गेला असता.

तेव्हापासून माझा नियम: रिंग आणि जॉब एकाच जाड लोखंडी प्लेटवर शेजारी ठेवायचे. दोघांना हात लावून सारखंच गार लागेपर्यंत मोजायचं नाही. छोट्या जॉबला अर्धा तास बहुतेकदा पुरतो, जड हाउसिंगला बराच जास्त लागतो. जॉब आणि मास्टर दोन्ही पोलादी असतील तर एकाच तापमानाला आल्यावर चूक जवळजवळ कापली जाते, मग शॉप ३५ अंशांवर असलं तरी चालतं. अॅल्युमिनियमला हा नियम अर्धाच लागू: दोघं ३८ वर असले तरी वरच्याच बोअरवर साधारण ११ मायक्रॉनची चूक उरते. तिथे एक तर एसी रूम, नाही तर हिशेब करून दुरुस्ती.

हातही तापलेलाच असतो. मायक्रोमीटरच्या फ्रेमवर काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या असतात, त्या शोभेसाठी नाहीत. तिथेच धरा. ७५-१०० चा मायक्रोमीटर उघड्या फ्रेमला धरून दहा मिनिटं उभं राहिलात की झिरो आपोआप चालायला लागतो. आणि संध्याकाळी शेडच्या खिडकीतून मशीनवर तिरपं ऊन येत असेल तर मोजायचं टेबल तिथून हलवा.

हात

हा मुद्दा कुणाला आवडत नाही, कारण यात माणूस येतो. थोडक्यात सांगतो.

मायक्रोमीटर रॅचेटनंच लावा. दोन-तीन टिकटिक झाली की वाचा. थिंबल (बाहेरचं फिरणारं नळकांडं) धरून आवळणारा माणूस दर वेळी वेगळा जोर लावतो. रॅचेट तेवढ्यासाठीच दिलेला आहे. क्लँपसारखा लॉक करून जॉबवर दामटून बसवू नका, ते स्नॅप गेजचं (जॉब जातो की अडतो एवढंच बघणाऱ्या गेजचं) काम आहे.

बोअर गेज बोअरमध्ये पुढे-मागे झुलवा. सुई जिथून मागे फिरते तोच आकडा. तिथपर्यंत न झुलवता सरळ वाचलं की बोअर मोठा दिसतो. आणि दिशा लक्षात ठेवा: सुई झिरोच्या पुढे घड्याळाच्या दिशेनं गेली म्हणजे प्लंजर जास्त दाबला गेला, म्हणजे बोअर लहान. यात गोंधळून उलटा ऑफसेट देणारे अनुभवी सेटरही मी बघितलेत.

लिव्हर डायलची काडी मोजायच्या पृष्ठभागाला जवळजवळ समांतर हवी. ती ३० अंश तिरकी असेल तर डायल खऱ्या मापापेक्षा सुमारे १५ टक्के जास्त दाखवतो.

जॉब सरफेस ग्राइंडरच्या मॅग्नेटिक चकवरून आला असेल तर त्याचं चुंबकत्व काढलंय का विचारा. नसेल तर तो लोखंडी चूर गोळा करत तुमच्या अॅन्व्हिलपर्यंत येतो, आणि तुम्ही पुसत बसता.

झिरो बरोबर, मधेच चूक

इथंपर्यंत सगळं नीट असेल तर गेजची झीज बघायची वेळ आली. यासाठी स्लिप गेजचा संच लागतो आणि स्वच्छ टेबलावर निवांत अर्धा तास.

मायक्रोमीटरच्या स्क्रूची पिच (एका फेऱ्यात सरकायचं अंतर) ०.५ मिमी, थिंबलवर ५० भाग. नवीन पोरं तपासायला ५, १०, १५, २०, २५ च्या स्लिप घेतात. हे सगळे आकडे ०.५ नं पूर्ण भागले जातात, म्हणजे प्रत्येक वेळी थिंबल झिरोच्या एकाच रेघेवर येतं. स्क्रूच्या एका फेऱ्यात मधे कुठे वाकडेपणा असेल तर तो कधीच दिसणार नाही. म्हणून तपासायची मापं विचित्र वाटणारी असतात: २.५, ५.१, ७.७, १०.३, १२.९, १५, १७.६, २०.२, २२.८, २५. दर वेळी थिंबल फेऱ्याच्या वेगळ्या कोनावर थांबतं. एका ओळीत दहा आकडे लिहून काढा, चूक कुठं चढते-उतरते ते लगेच दिसतं.

यादीतल्या १८ मिमीच्या पिनचं उत्तर इथंच असतं. एखाद्या लाइनवर वर्षानुवर्षं एकच पिन मोजली जाते. स्क्रूचा तेवढाच तुकडा रोज शेकडो वेळा घासतो, बाकीचा नवाच राहतो. झिरोला सगळं ठीक दिसतं, कारण झिरोच्या जागी स्क्रू झिजलेलाच नाही. अशा मायक्रोमीटरचा झिरो फिरवून १८ वर जुळवला की १८ बरोबर येतं आणि बाकी सगळं चुकतं. सहीसाठी तो आला तर मी परत पाठवतो.

फेसची झीज बघायला एक छोटी अचूक गोळी किंवा पिन घ्या आणि ती फेसच्या मध्यावर, मग चारी कडांना धरून मोजा. फेस सपाट असेल तर सगळीकडे एकच आकडा येतो. ऑप्टिकल फ्लॅट (अगदी सपाट काच) असेल तर उत्तमच. सोडियमच्या दिव्याखाली दिसणारा प्रत्येक पट्टा म्हणजे सुमारे ०.२९ मायक्रॉन, पट्टे सरळ, समांतर असले तर फेस ठीक.

झिरो खरंच सरकला असेल आणि वरचं सगळं बघून झालं असेल तरच चावी उचला. साधारण १० मायक्रॉनपर्यंतची चूक स्लीव्ह (थिंबलच्या आतली, रेघा असलेली नळी) फिरवून काढतात. त्याहून जास्त असेल तर थिंबल सैल करावं लागतं, पण एवढी चूक मुळात आली कुठून हे कळल्याशिवाय मी ते करत नाही. बहुतेक वेळा उत्तर ‘पडला होता’ हेच असतं, फक्त ते कुणी आपणहून सांगत नाही.

इथं हात थांबवा

पुढचं काही दिसलं तर गेज खोलू नका, सरळ दुरुस्तीवाल्याकडे किंवा एनएबीएलची (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या लॅबकडे पाठवा.

- गेज पडलं आहे. वरून काही दिसत नसलं तरी.
- क्लँप सैल केला, पॉइंट पुसला, तरी सुई अडकते किंवा मधेच दात चुकल्यासारखी उडी मारते. आत रॅक, पिनियन आणि केसासारखी बारीक स्प्रिंग असते. मी बावीस वर्षांत डायल खोलायला शिकलो नाही, आणि त्याचा पश्चात्ताप नाही.
- अॅन्व्हिलच्या कडेचा टवका उडालाय, किंवा मोजायच्या फेसवर गंजाचा ठिपका आहे.
- स्लिप गेजवर बर (कडेला उठलेला धातूचा कंगोरा) आहे. पॉलिश पेपर लावलात तर स्लिप कायमची गेली.
- डिजिटल गेजमध्ये बॅटरी बदलून, पट्टी पुसूनही आकडे नाचतात.

पावसाळ्यात गंजाची तक्रार वाढते. गेज उघड्या हातानं हाताळून तसंच डब्यात टाकलं की बोटाच्या घामाचा ठसा आठवड्यात तांबडा होतो. पुसून, फेसवर तेलाचा पुसट हात फिरवून, स्पिंडल आणि अॅन्व्हिलमध्ये थोडी फट ठेवून डब्यात ठेवा. लॉक उघडा. डब्यात सिलिका जेलची पुडी टाका आणि तिचा रंग बदलला की ती बदला.

दुरुस्त होऊन आलेलं गेज कॅलिब्रेशनशिवाय (मास्टरशी ताडून पाहिल्याशिवाय) लाइनवर द्यायचं नाही, स्टिकरवरची जुनी तारीख अजून संपलेली नसली तरी. आणि गेज खरंच चुकीचं निघालं तर काम तिथं संपत नाही. आयएसओ ९००१:२०१५ च्या ७.१.५.२ नुसार, त्या गेजनं आधी मोजलेल्या मालाच्या मापांवर काय परिणाम झाला ते बघावं लागतं. म्हणजे हिस्ट्री कार्ड काढायचं, ते गेज शेवटचं बरोबर कधी होतं ती तारीख बघायची आणि तेव्हापासूनचा कोणता माल कुठे गेला ते शोधायचं. कष्टाचं काम आहे, पण ऑडिटर पहिल्यांदा तेच विचारतो.

लॅबला पाठवताना गेजसोबत चिठ्ठी बांधा, आणि तिच्यावर ‘खराब’ एवढंच लिहू नका. माझी चिठ्ठी अशी असते: गेज नंबर, मास्टरवरची पाच रीडिंग, कोणत्या मापाला चूक दिसते, तापमान, पडलं होतं का, काय काय करून बघितलं. ‘पडलं होतं का’ या ओळीपुढे मी ऑपरेटरला आधीच सांगून ठेवतो की हो लिहिलं तर पगार कापत नाही. तेव्हापासून ती ओळ खरी भरली जाते.